पायथॉनमध्ये इफ, फॉर आणि व्हाइल: अट आणि लूप पहिल्यांदा लिहिताना

पायथॉन इन्स्टॉल झाला, प्रिंट लिहून स्वतःचं नाव पडद्यावर आणलं, दोन आकड्यांची बेरीज करून पाहिली. इथपर्यंत सगळेच येतात. यापुढे प्रोग्रॅमला दोन गोष्टी शिकवायच्या असतात: कधी काय करायचं ते ठरवणं आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणं. पहिलीसाठी अट, दुसरीसाठी लूप. दोन्हींचे नियम तासाभरात पाठ होतात. तरीही प्रोग्रॅम चुकतात, आणि नवशिक्यांचेच नाही तर मुरलेल्यांचेही चुकतात, ते बहुतेक वेळा एकाच जागी: काठावर. पस्तीसला पास की छत्तीसला? शंभरावं युनिट कुठल्या दरात धरायचं? लूप नवव्या फेरीनंतर थांबला की दहाव्या? म्हणून या लेखात नियम भराभर सांगतो आणि काठापाशी जरा जास्त रेंगाळतो.

## इथला कोड कसा वाचायचा

लेखातला सगळा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. इफ, एल्स, फॉर, इन, व्हाइल, ब्रेक, कंटिन्यू हे पायथॉनचे राखीव शब्द आहेत. प्रिंट, इनपुट, इंट, रेंज, मिन ही त्याची तयार फंक्शनं, म्हणजे नाव घेतलं की ठरलेलं काम करून देणारे तुकडे. टाइप करताना हे सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचं. स्पेलिंग नेहमीचंच. अडखळायला होतं ते दोन ठिकाणी: इंट म्हणजे आय-एन-टी, आणि एलिफ म्हणजे ई-एल-आय-एफ. ट्रू (म्हणजे "खरं") या शब्दाचा टी तेवढा मोठा काढायचा.

बाकीची नावं, म्हणजे गुण, युनिट, बिल ही व्हेरिएबल्स (किंमत ठेवायचे डबे), देवनागरीतच ठेवली तरी पायथॉनला चालतात. २००८ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे. नावात दोन शब्द असतील तर मधे जागा न सोडता अंडरस्कोर टाकायचा. कोडमधले आकडे मात्र आंतरराष्ट्रीयच हवेत. 35 च्या जागी ३५ लिहिलंत तर सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांत चूक असल्याचा संदेश, येतो. गंमत अशी, की प्रोग्रॅम वापरणाऱ्याने कीबोर्डवरून ३५ टाइप केलं आणि ते इंटकडे गेलं, तर पायथॉन ते बिनतक्रार वाचतो.

शिकताना तरी नावं मराठीत ठेवा, असं माझं मत आहे. कुठला शब्द भाषेचा आणि कुठला आपण ठेवलेला, हे नजरेलाच कळतं, आणि नवशिक्याचा निम्मा गोंधळ तिथेच असतो. नोकरीच्या ठिकाणी हा हट्ट सोडावा लागेल. टीममधल्या प्रत्येकाला मराठी टायपिंग येत नसतं.

लिहायचं कुठे? विंडोजवर पायथॉनसोबत आयडल नावाचा साधा एडिटर येतो. फाइल मेनूमधून नवी फाइल उघडा, कोड लिहा, सेव्ह करा आणि एफ-५ दाबा. कॉम्प्युटर हाताशी नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप चालतं. सुरुवातीला एवढं पुरे.

## पहिली अट

```
गुण = इंट(इनपुट("गुण किती? "))
इफ गुण >= 35:
    प्रिंट("पास")
एल्स:
    प्रिंट("नापास")
```

पाच ओळींत चार गोष्टी आहेत. इफच्या ओळीच्या शेवटी कोलन हवाच, एल्सच्याही. कोलननंतरची ओळ चार स्पेस आत सरकवायची. किती ओळी त्या अटीच्या ताब्यात आहेत, हे पायथॉन या सरकवण्यावरूनच ओळखतो. सी किंवा जावासारखे महिरपी कंस इथे नाहीत. पायथॉनचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ही पद्धत एबीसी या आधीच्या भाषेतून घेतली. त्यांनी ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेत तिच्यावर काम केलं होतं. पायथॉन १९९१ मध्ये लोकांसमोर आला तेव्हापासून या समासावरून वाद चालू आहे. तुम्ही वादात पडू नका. फक्त एका फाइलमध्ये टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ करू नका, नाहीतर वरवर सरळ दिसणारा कोड टॅबएरर देत बसेल.

तिसरी गोष्ट म्हणजे इंट. इनपुट जे आणून देतो ते नेहमी मजकूर असतं, आकडा टाइप केला तरी. इंट त्या मजकुराचा पूर्णांक करतो. इंट गाळलंत तर मजकुराची आकड्याशी तुलना होत नाही म्हणून पायथॉन टाइपएरर देऊन थांबतो. हे बरंच म्हणायचं. खरी पंचाईत दोन्ही बाजूंना मजकूर असतो तेव्हा होते. मग तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते, आणि "9" हे "35" पेक्षा मोठं ठरतं. एरर नाही, इशारा नाही, उत्तर तेवढं चुकीचं. म्हणून आकडा मागितला की त्याच ओळीत इंट लावून टाकायची सवय बरी.

चौथी गोष्ट `>=`. दहावीला शंभरपैकी ३५ गुणांना पास. बोलताना "पस्तीसच्या वर" म्हणून निभावतं, इथे निभावत नाही. नुसतं `>` लिहिलंत तर बरोबर ३५ मिळवणारा मुलगा नापास होतो, आणि ४० किंवा २० टाकून चाचणी करत राहिलात तर ते कधी लक्षातही येणार नाही. अट लिहून झाली की तीन आकडे टाकून बघायचे: काठावरचा, एक अलीकडचा, एक पलीकडचा. इथे ३४, ३५, ३६. लेखातली एवढी एकच सवय उचललीत तरी पुष्कळ.

बरोबरी तपासताना दोन बरोबरची चिन्हं लागतात, `==`. एकटं `=` म्हणजे डाव्या नावात उजवी किंमत ठेव. इफमध्ये चुकून एकटं चिन्ह पडलं तर पायथॉन चालूच होत नाही, त्यामुळे ही चूक फार काळ लपत नाही. लपते ती ही:

```
इफ वार == "शनिवार" ऑर "रविवार":
    प्रिंट("सुट्टी")
```

वाचायला सरळ आहे, पण याने सोमवारीही सुट्टी मिळते. ऑरच्या उजवीकडचं "रविवार" इथे एकटं उभं आहे, त्याची कशाशीही तुलना होत नाही, आणि रिकामा नसलेला कुठलाही मजकूर पायथॉन खराच मानतो. बरोबर अट `वार == "शनिवार" ऑर वार == "रविवार"`. दोन्ही बाजूंना पुरतं वाक्य हवं. उलट, गणिताच्या वहीतल्यासारखं `35 <= गुण < 45` मात्र पायथॉनला थेट चालतं.

## अनेक फाटे: एलिफ

दहावीच्या निकालात ७५ टक्क्यांपासून विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय, ३५ पासून उत्तीर्ण. कोडमध्ये:

```
इफ टक्के >= 75:
    श्रेणी = "विशेष प्रावीण्य"
एलिफ टक्के >= 60:
    श्रेणी = "प्रथम"
एलिफ टक्के >= 45:
    श्रेणी = "द्वितीय"
एलिफ टक्के >= 35:
    श्रेणी = "उत्तीर्ण"
एल्स:
    श्रेणी = "अनुत्तीर्ण"
```

पायथॉन वरून खाली येतो आणि पहिली खरी ठरलेली अट पकडतो. तिच्याखालचं काम करून बाकीच्या सगळ्या सोडून देतो. म्हणून दुसऱ्या ओळीत "६० ते ७५ च्या आत" असं लिहायची गरज पडत नाही. तिथपर्यंत पोचला याचा अर्थच तो ७५ च्या खाली आहे. म्हणूनच क्रमही महत्त्वाचा. हीच साखळी उलटी, ३५ पासून वर लिहून बघा. ९२ टक्केवालाही पहिल्याच ओळीत अडकेल आणि "उत्तीर्ण" म्हणून बाहेर पडेल.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे एलिफच्या जागी दरवेळी नवा इफ लिहिणं. मग त्या चार वेगळ्या अटी होतात आणि चारही तपासल्या जातात. ८० टक्के असतील तर श्रेणी आधी विशेष प्रावीण्य होते, मग प्रथम, मग द्वितीय, आणि शेवटी उत्तीर्ण. शेवटी लिहिलेलं टिकतं.

## वीजबिल: काठ तपासायचा तर इथे

महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे बहुतेकांना माहीत असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. खरे दर बदलत राहतात, शिवाय बिलात स्थिर आकार, वहन आकार असं बरंच काही असतं. आपण ते सोडून देऊ आणि दर गोल धरू: ५, १०, १५ आणि १८ रुपये.

पुष्कळांना वाटतं, एक युनिट शंभराच्या पुढे गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नसतं. वरचा दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो. पण नवशिक्याच्या कोडमध्ये नेमका तोच गैरसमज उतरतो:

```
इफ युनिट <= 100:
    बिल = युनिट * 5
एलिफ युनिट <= 300:
    बिल = युनिट * 10
```

आता काठ तपासा. १०० युनिटचं बिल ५०० रुपये, १०१ चं १,०१० रुपये. एका युनिटने बिल दुपटीच्या पुढे गेलं. हा आकडा पाहून कुणीही सावध होईल. पण ५० आणि २०० टाकून पाहिलं असतं तर २५० आणि २,००० आले असते, आणि दोन्ही "असेल बुवा" म्हणून खपून गेले असते. दुरुस्त कोड असा:

```
इफ युनिट <= 100:
    बिल = युनिट * 5
एलिफ युनिट <= 300:
    बिल = 500 + (युनिट - 100) * 10
एलिफ युनिट <= 500:
    बिल = 2500 + (युनिट - 300) * 15
एल्स:
    बिल = 5500 + (युनिट - 500) * 18
```

५०० हे पहिल्या शंभराचे पैसे, २,५०० हे पहिल्या तीनशेचे, ५,५०० पाचशेचे. १०० ला ५००, १०१ ला ५१०. ३०० ला २,५००, ३०१ ला २,५१५. ५०० ला ५,५००, ५०१ ला ५,५१८. प्रत्येक काठावर बिल फक्त एका युनिटच्या दराने वाढतंय, म्हणजे जोड नीट बसले आहेत.

तरी या कोडमध्ये मला एक गोष्ट खटकते. ५००, २,५००, ५,५०० हे आकडे आपण डोक्यात काढून लिहिले. उद्या पहिला दर ५ वरून ६ झाला, तर तिन्ही हाताने बदलावे लागणार आणि एखादा राहून जाणारच. याचा उपाय लूपमध्ये आहे. तिकडे जाऊ आणि बिलाकडे परत येऊ.

## फॉर: मोजून फिरणारा लूप

```
फॉर नाव इन ["आशा", "बाळू", "सलमा"]:
    प्रिंट(नाव, "हजर")
```

यादीतलं एकेक नाव उचलायचं, "नाव" या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि आत सरकवलेल्या ओळी चालवायच्या. यादी संपली की लूप संपला. यात मोजणी करावी लागत नाही म्हणून चुकायलाही फार जागा नाही. यादी हाताशी असेल तर हाच फॉर वापरा. उगाच एक, दोन, तीन करत क्रमांकाने यादीत शिरू नका.

मोजणीच हवी असेल तर रेंज. पाचाचा पाढा:

```
फॉर क इन रेंज(1, 11):
    प्रिंट(5, "×", क, "=", 5 * क)
```

११ का? रेंजमधला पहिला आकडा धरला जातो, शेवटचा सोडला जातो. `रेंज(1, 10)` लिहिलंत तर पाढा पंचेचाळीसवर थांबेल. सुरुवातीला हे सगळ्यांना विचित्र वाटतं, पण या पद्धतीचा फायदा मोठा आहे. शेवटातून सुरुवात वजा केली की फेऱ्यांची संख्या मिळते: ११ वजा १, दहा फेऱ्या. आणि `रेंज(0, 5)` च्या पुढे `रेंज(5, 10)` जोडलं तर मधला आकडा गळतही नाही आणि दोनदाही येत नाही. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात याच पद्धतीची बाजू मांडली होती. `रेंज(5)` असा एकच आकडा दिला तर मोजणी शून्यापासून होते: ०, १, २, ३, ४. तिसरा आकडा दिला तर तेवढी उडी: `रेंज(10, 0, -1)` म्हणजे दहापासून एकपर्यंत उलटी मोजणी. इथेही शेवटचा शून्य सोडलेला.

बेरीज करायची असेल तर डबा लूपच्या बाहेर ठेवायचा:

```
एकूण = 0
फॉर खर्च इन [120, 45, 300]:
    एकूण = एकूण + खर्च
प्रिंट(एकूण)
```

पहिली ओळ चुकून लूपच्या आत गेली तर प्रत्येक फेरीला एकूण शून्य होतो आणि शेवटी ३०० येतात. शेवटची ओळ आत गेली तर तीनदा छापलं जातं. कुठली ओळ एकदाच हवी आणि कुठली दर फेरीला, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचा.

आता वीजबिल:

```
टप्पे = [(100, 5), (200, 10), (200, 15)]
उरलेले = युनिट
बिल = 0
फॉर आकार, दर इन टप्पे:
    घेतलेले = मिन(उरलेले, आकार)
    बिल = बिल + घेतलेले * दर
    उरलेले = उरलेले - घेतलेले
बिल = बिल + उरलेले * 18
```

यादीतल्या प्रत्येक जोडीत टप्प्याचा आकार आणि त्याचा दर आहे. मिन दोन आकड्यांतला लहान देतो. ३५० युनिट घेऊन चालवू. पहिल्या फेरीत ३५० आणि १०० यांतले १०० घेतले. बिल ५००, उरले २५०. दुसऱ्या फेरीत २०० घेतले. बिल २,५००, उरले ५०. तिसऱ्या फेरीत २०० ची जागा आहे, पण हातात ५० च आहेत, म्हणून ५० घेतले. बिल ३,२५०, उरले शून्य. शेवटच्या ओळीत शून्य गुणिले १८. इफच्या कोडनेही ३५० ला ३,२५० च येतात. दर बदलला तर आता फक्त यादीतला एक आकडा बदलायचा. आणि मजा बघा, चार फाट्यांपैकी एकही इफ उरला नाही.

फॉर वापरताना एक पथ्य पाळा: ज्या यादीवर फिरताय तिच्यातून फिरता फिरता काही काढू नका. `[12, 30, 28, 60]` या यादीतून पस्तीसच्या खालचे आकडे लूपमध्येच रिमूव्ह करायला गेलात तर शेवटी `[30, 60]` उरतं. १२ काढल्यावर ३० त्याच्या रिकाम्या घरात येतो आणि लूप त्याला ओलांडून पुढच्या घरात जातो. हवे असलेले आकडे नव्या यादीत अपेंड करत, म्हणजे शेवटी जोडत जाणं हा सरळ मार्ग.

## व्हाइल: किती फेऱ्या ते माहीत नसताना

बँकेत दहा हजार ठेवले, व्याज ८ टक्के, वर्षाला चक्रवाढ. दुप्पट व्हायला किती वर्षं? फेऱ्या किती हे आधी माहीत नाही, तोच तर प्रश्न आहे. इथे व्हाइल:

```
रक्कम = 10000
वर्षे = 0
व्हाइल रक्कम < 20000:
    रक्कम = रक्कम * 1.08
    वर्षे = वर्षे + 1
प्रिंट(वर्षे)
```

अट खरी आहे तोवर फिरत राहा, असा याचा अर्थ. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला अट तपासली जाते. उत्तर १० येतं. गुंतवणूकवाले ७२ ला व्याजदराने भागायला सांगतात. त्या हिशोबाने ९ यायला हवं होतं. कोण चुकलं? लूपच्या आत एक प्रिंट टाकून दर वर्षाची रक्कम बघा. नऊ वर्षांनी १९,९९० रुपये आणि काही पैसे होतात. दहाएक रुपये कमी पडतात, अट अजून खरीच असते, आणि लूप आणखी एक फेरी मारतो. ७२ चा नियम अंदाजापुरता ठीक आहे. व्हाइल दहा रुपयांचीही सूट देत नाही.

व्हाइलमध्ये अटीतलं काहीतरी प्रत्येक फेरीला बदलायला हवं. रक्कम वाढवणारी ओळ विसरलात तर प्रोग्रॅम कायमचा फिरत राहील. घाबरू नका, कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. कीबोर्डइंटरप्ट म्हणत तो थांबतो.

दशांश आकड्यांची बरोबरी हाही असाच सापळा. शून्यात ०.१ मिळवत जायचं आणि `व्हाइल क != 1` म्हणायचं (`!=` म्हणजे "बरोबर नाही"), हा लूप कधीच थांबत नाही. दहा वेळा ०.१ मिळवल्यावर पायथॉनकडे १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, कारण ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमका मावत नाही. `<` लावलंत तर थांबेल, पण एक फेरी जास्त मारून. मोजणी पूर्णांकात करा. पैशांचा हिशोब असेल तर रुपयांऐवजी पैशांत.

## ३१ डिसेंबर २००८

मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा म्युझिक प्लेअर होता, ॲपलच्या आयपॉडला टक्कर द्यायला काढलेला. ३१ डिसेंबर २००८ ला त्याचे ३० जीबीवाले प्लेअर अमेरिकेत एकाच दिवशी धडाधड गोठले. सुरू केला की पडदा तिथेच अडकायचा. कारण निघालं एक व्हाइल आणि त्यातली एक अट. मूळ कोड सी भाषेत होता. पायथॉनमध्ये त्याचं रूप असं:

```
व्हाइल दिवस > 365:
    इफ लीप_आहे(वर्ष):
        इफ दिवस > 366:
            दिवस = दिवस - 366
            वर्ष = वर्ष + 1
    एल्स:
        दिवस = दिवस - 365
        वर्ष = वर्ष + 1
```

घड्याळाकडे १ जानेवारी १९८० पासून आजवरचे दिवस आहेत, आणि त्यावरून साल काढायचं आहे. एकेका वर्षाचे दिवस वजा करत पुढे जायचं. लीप_आहे हे फंक्शन वर्ष लीप असेल तर ट्रू देतं असं धरा. वाचताना कुठे खटकतं का? बहुतेकांना खटकत नाही.

आता ३१ डिसेंबर २००८ हा दिवस घालून फिरवा. लूप एकेक वर्ष खात २००८ पर्यंत येतो आणि हातात ३६६ दिवस उरतात. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे, म्हणून लूप आत शिरतो. २००८ लीप, म्हणून पहिल्या फाट्यात जातो. तिथे विचारलंय, ३६६ पेक्षा मोठे आहेत का? नाहीत, बरोबर तेवढेच आहेत. त्या आतल्या इफला एल्स नाही, म्हणून काहीच होत नाही. दिवस ३६६ च, वर्ष २००८ च. लूप पुन्हा वर जातो, पुन्हा आत शिरतो, पुन्हा काहीच होत नाही.

लीप वर्षातला ३६६वा दिवस चार वर्षांतून एकदा उगवतो. झून बाजारात आला २००६ मध्ये, म्हणजे त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच तसा दिवस. मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर पुन्हा सुरू करा. तो चाललाही, कारण दुसऱ्या दिवशी हातात ३६७ दिवस होते आणि आतली अट खरी ठरत होती. दुरुस्ती दोन ओळींची आहे. आतल्या इफला त्याच समासात एल्स जोडायचा आणि त्यात ब्रेक लिहायचा.

## ब्रेक आणि कंटिन्यू

ब्रेक म्हणजे लूपमधून तडक बाहेर. त्याचा रोजचा उपयोग म्हणजे नीट उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारणं:

```
व्हाइल ट्रू:
    उत्तर = इनपुट("युनिट किती? ")
    इफ उत्तर.इजडेसिमल():
        ब्रेक
    प्रिंट("फक्त आकडा टाका")
युनिट = इंट(उत्तर)
```

व्हाइल ट्रू म्हणजे मुद्दाम लावलेला न संपणारा लूप. सुटका फक्त ब्रेकने. इजडेसिमल मजकुरात फक्त अंक आहेत का ते बघतो. "शंभर" लिहिलं, नुसतं एंटर दाबलं किंवा उणे पाच टाकलं तरी प्रश्न पुन्हा येतो. वीजबिलाच्या कोडला हे वर जोडाच. नाहीतर उणे पाच युनिटला तो मुकाट्याने उणे पंचवीस रुपये बिल काढून देतो. कंटिन्यू ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जातो. मी तो क्वचितच वापरतो, साध्या इफने बहुतेक वेळा काम भागतं. लूपच्या आत लूप असेल तर ब्रेक फक्त आतल्या लूपमधून बाहेर काढतो, हे ध्यानात असू द्या.

## अडलात तर कागद

कोड चुकीचं उत्तर देत असेल तर आधी अंदाजाने चिन्हं बदलत बसू नका. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना आखा, आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. वर ३५० युनिटचं केलं तसं, पायथॉन जे करेल तेच आणि तेवढंच करायचं. "इथे त्याला कळेल" असं मनात आलं की थांबायचं, त्याला कळत नसतं. लूप लांबलचक असेल तर तोच तक्ता प्रिंटकडून छापून घ्या.

सरावाला तीन कामं. दोन फॉर एकात एक घालून दोन ते दहाचे पाढे शेजारीशेजारी छापा. वीजबिलाचा लूप ०, १००, १०१, ३००, ३०१, ५००, ५०१ या सात आकड्यांवर एका फॉरने चालवून बघा. आणि झूनसाठी लागणारी लीप वर्षाची अट स्वतः लिहा: वर्षाला ४ ने भाग जायला हवा, पण १०० ने जात असेल तर ते लीप नाही, त्यातूनही ४०० ने जात असेल तर आहे. भाग जातो का हे टक्क्याच्या चिन्हाने कळतं; `वर्ष % 4 == 0` म्हणजे बाकी शून्य. २००० आणि २००८ ला "हो" आलं पाहिजे, १९०० आणि २१०० ला "नाही".